बटरची पारख

पावाला लावायचं बटर आपण रंग आणि वास पाहून घेतो, पण एवढ्यावर त्याची खरी पारख होत नाही. आपल्याकडच्या नियमानुसार टेबल बटरमध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 80 टक्के हवा. पाणी 16 टक्क्यांहून आणि मीठ 3 टक्क्यांहून जास्त नको. पाणी वाढलं, की आपण बटरच्या भावात पाणीच विकत घेतो.

त्याहून गंभीर भेसळ वनस्पती तुपाची. ती पकडण्याची युक्ती मला फार आवडते. वनस्पती तुपात तिळाचं तेल घालण्याची सक्ती सरकारने मुद्दाम याच ओळखीसाठी केली. प्रयोगशाळेत वितळवलेल्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं, की तिळाच्या तेलामुळे आम्लाला लालसर रंग चढतो. नुसतं पाम तेल मिसळलं असेल, तर मात्र ही चाचणी पुरत नाही. स्निग्धाम्लंच तपासावी लागतात.

घरी एक चाचणी करता येईल. अर्धा चमचा बटरवर टिंक्चर आयोडिनचे 2-3 थेंब टाका. निळा रंग आला, तर बटाट्यासारखा पिष्टमय पदार्थ मिसळलेला आहे. हा नमुना खाऊ नका. आणि वेष्टन नीट वाचा. ‘फॅट स्प्रेड’ म्हणजे बटर नव्हे. शंका आलीच, तर पावती आणि वेष्टन जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे जरूर तक्रार करा.