गरोदरपण, फ्लू आणि पावसाआधीची लस

इन्फ्लुएन्झा आणि पडसे यांत लोक फरक करत नाहीत, पण तो करायला हवा. पडशाने नाक गळते, घसा खवखवतो आणि माणूस रुमाल घेऊन कामावर जातो. फ्लूचा ताप काही तासांत चढतो, अंग ठेचल्यासारखे दुखते, कोरडा खोकला लागतो आणि माणूस अंथरूण धरतो. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात उठून बसतो. दिवस गेलेल्या बाईच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.

याचे कारण गरोदरपणातच आहे. वाढते गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलते. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा शेवटच्या महिन्यांत साधारण पाचव्या हिश्शाने घटते, आणि नेमकी त्याच वेळी प्राणवायूची गरज वाढलेली असते. हृदयही जास्त रक्त खेळवत असते. शिवाय पोटातला जीव निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परका. त्याला शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती काही बाबतींत आपली रीत बदलते. अशा शरीरात फ्लूमागून न्यूमोनिया आला की तोल लवकर जातो. पहिल्या तिमाहीतला जोराचा ताप गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीलाही बाधक ठरू शकतो.

प्रत्येक मोठ्या साथीत हे दिसले आहे. जून १९१८ मध्ये मुंबईत पोलीस शिपाई अनोळखी तापाने इस्पितळात दाखल होऊ लागले. त्यांच्यातला एक गोदीवर नेमलेला होता. पुढे त्या तापाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच साथीत अमेरिकेत १,३५० गरोदर रुग्णांची नोंद १९१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला आणि एकूण २७ टक्के दगावल्या. २००९ च्या साथीतही अमेरिकेत गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का होत्या, मृतांत मात्र सुमारे ५ टक्के. पुणेकरांना ते वर्ष वेगळे सांगायला नको. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला, आणि नायडू रुग्णालयापुढे तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्या.

गरोदरपणात द्यायची लस मेलेल्या विषाणूची असते. अर्धा मिलिलिटर द्रव, दंडाच्या स्नायूत, एकदाच. तिच्यात जिवंत विषाणू नसल्याने लसीमुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, तेवढेच. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लसही आहे, पुण्यात तयारही झाली आहे, पण ती गरोदर स्त्रीला देत नाहीत. तेव्हा दवाखान्यात विचारताना ‘इंजेक्शनचीच ना?’ एवढी खात्री करून घ्यावी.

लशीचा दुसरा लाभार्थी मात्र अजून जन्मायचा असतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, आणि फ्लूने इस्पितळात पोचणाऱ्या मुलांत हीच तान्ही जास्त असतात. मग बाळाचे रक्षण करायचे कोणी? आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत. ढाक्यात २००४-०५ मध्ये ३४० गरोदर स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाने हे दाखवून दिले. निम्म्या जणींना फ्लूची आणि निम्म्या जणींना न्यूमोकॉकसची लस दिली. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू दुसऱ्या गटात १६ जणांना झाला, पहिल्या गटात ६ जणांना. घट ६३ टक्के. आयांमधले तापासह श्वसनविकारही ३६ टक्क्यांनी कमी झाले. सोळा आणि सहा हे आकडे लहान आहेत, त्यांवर फार मोठा इमला उभारू नये. पुढच्या, कितीतरी मोठ्या चाचण्यांत बाळांचे संरक्षण दक्षिण आफ्रिकेत सुमारे निम्मे आणि नेपाळमध्ये ३० टक्के भरले. म्हणजे लस अभेद्य चिलखत नाही. पण त्या वयाच्या बाळासाठी दुसरी लसच नाही, हे लक्षात घेतले तर तीस टक्केही थोडे नव्हेत. आपल्याकडे बारशाला खोकणारा पाहुणाही बाळाला हातात घेतल्याशिवाय जात नाही.

लस कधी घ्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रात जास्त महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कमी विचारला जातो. फ्लू थंडीतला, ही समजूत युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून आलेली. श्रीनगरला ती लागू पडते. पुण्या-मुंबईकडे फ्लूचा भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर असतो. चेन्नईकडे तो परतीच्या पावसाबरोबर सरकतो. विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचा घटक ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात, पण देशाच्या बहुतेक भागाला सोयीची पडते ती दक्षिणेची लस, कारण ती पावसाआधी हाती येते. दंडात टोचल्यावर संरक्षण उभे राहायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ते ओसरते. म्हणून एप्रिल-मे हा योग्य काळ. फ्रिजमध्ये उरलेली गेल्या हंगामाची लस मे महिन्यात टोचून घेण्यात अर्थ नाही. खोक्यावरचे वर्ष आणि मुदत वाचावी.

जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात ही लस चालते असे सांगते. महाराष्ट्रात २०१५ पासून सरकारी आरोग्यसेवेत ती दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत मोफत देण्याचे धोरण आहे. श्रावणात बाळंत होणारीने वैशाखात लस घेतली तर दोघांचेही साधते. पण जूनमध्ये जिला चौथा लागला आहे तिने बाळाच्या हिशेबाने सातव्याची वाट पाहू नये; पाऊस तिच्यासाठी थांबत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा नवा डोस लागतो.

सासरी-माहेरी खरी भीती असते ती गर्भपाताची, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, लागोपाठ दोन हंगाम लस घेतलेल्या स्त्रियांत गर्भपाताशी संबंध असल्याचा संशय दिसला होता. त्याच गटाने पुढच्या तीन हंगामांत जास्त स्त्रियांचा अभ्यास केला, आणि २०१९ मध्ये असा संबंध आढळत नसल्याचे जाहीर केले. अंड्याची ॲलर्जी हीदेखील आता आडकाठी मानली जात नाही. आधीच्या फ्लूच्या लशीची तीव्र ॲलर्जी मात्र मानावी.

तरीही बहुतेक गरोदर स्त्रियांपर्यंत लस पोचत नाही. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात गरोदर स्त्रीसाठी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे, फ्लूची नाही. कार्डावर रकाना नसला की सिस्टर विचारत नाहीत, आणि सिस्टर विचारत नाहीत म्हणून बाईही विचारत नाही. खासगीत पदरचे पैसे मोजावे लागतात. दोन्ही लशी एकाच फेरीत, दोन दंडांवर घेता येतात. त्यासाठी वेगळी रजा किंवा वेगळे एसटीचे तिकीट लागत नाही.

लस घेतली तरी गरोदर स्त्रीला पावसाळ्यात ताप आणि खोकला एकत्र आल्यास काढ्यावर दोन दिवस काढू नयेत. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगले लागू पडते आणि गरोदरपणात देता येते. धाप लागली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावे.