पाणीपट्टी आणि आपला हिशेब
(मांडवी, रत्नागिरी येथील सभेतील भाषण)



ज्या वस्तीत आपण आज जमलो आहोत, तिचे नावच हिशेबाचे आहे. मांडवी म्हणजे बंदरावरची जकातीची जागा. मुंबईच्या आगबोटी येथे थांबत त्या काळची गोष्ट आपल्यातील म्हाताऱ्या मंडळींस आठवत असेल. बंदराचा कायदा एकच : आधी मोजणी, मग देणे. आज मात्र नगरपरिषदेचे बिल हाती पडले की आम्ही आकडा पाहतो, कपाळाला हात लावतो, आणि उसनवारी करून भरतो किंवा न भरता कोनाड्यात ठेवतो. तो आकडा कोठून आला हे कोणी विचारीत नाही. तेवढेच विचारावयास आम्ही आपणांस सांगणार आहोत.

नगरपरिषदेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्याआधी अंदाजपत्रकाची खास सभा भरते. अंदाजपत्रक म्हणजे काही वेदमंत्र नव्हे. तुमची घरधनीण सणाच्या आधी आवक किती, देणे किती, लग्नासाठी किती आणि कौलांसाठी किती हे बोटांवर मोजते, तेच ते. फरक इतकाच की येथे पैसा आपला असतो आणि बोटे दुसऱ्याची.

हा पैसा येतो कोठून? पूर्वी जकात होती. नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली. आता सरकारी अनुदान, आणि घरोघरचा मालमत्ता कर व पाणीपट्टी, यांवर मोठी भिस्त आहे. म्हणून खर्चाचे तोंड मिळाले नाही की पहिली नजर पाणीपट्टीकडे वळते. पाण्यावाचून कोणी राहू शकत नाही, म्हणून तो पैसा हमखास वसूल होईल असे वाटते.

पाणी फुकट मिळावे असे आम्ही म्हणत नाही. शीळ धरणाचे पाणी आपल्या पायांनी चालत येत नाही. पंप चालतो, विजेचे बिल येते, पाणी शुद्ध करावे लागते, कामगारांस पगार द्यावा लागतो. आपण लोहार, सुतार, कुंभार, खलाशी माणसे. मेहनतीचे मोल बुडवावे असे आपण कधी म्हणणार नाही. पण जे मिळाले त्याचे मोल द्यावे, जे गटारात गेले त्याचे आम्ही का द्यावे?

एक साधे गणित सांगतो. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा, शंभर हंडे पाणी आणावयास १२० रुपये लागले. वाटेत फुटक्या नळांतून व चोरट्या जोडण्यांतून ४० हंडे गेले. उरलेल्या ६० हंड्यांवर खर्च वाटला तर हंडा दोन रुपयांस पडतो. गळती ४० वरून २० वर आणली तर तोच हंडा दीड रुपयास पडेल. म्हणजे दर वाढविण्याआधी नळ दुरुस्त करणे हाच खरा काटकसरीचा मार्ग. भारत सरकारने २००८ साली शहरांच्या पाणीपुरवठ्याची जी मोजमापे ठरविली, त्यांत खर्च शंभर टक्के वसूल व्हावा असे जसे लिहिले आहे, तसेच हिशेबाबाहेर जाणारे पाणी वीस टक्क्यांच्या वर असू नये असेही लिहिले आहे. पहिली ओळ वाचणाऱ्यास दुसरी ओळ वाचून दाखविणे आपले काम आहे.

त्याच मोजमापांत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरास ६७५ लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला तर रोज ४५ हंडे. बायांनो, तुमच्या घरी किती हंडे भरतात ते तुम्हीच सांगा. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात जांभा पाणी धरीत नाही, ते समुद्रास मिळते. शीळचा साठा उतरला की पाणी एक दिवसाआड येते. नळाच्या टोकाशी असलेल्या घरांस ते करंगळीएवढे येते, आणि बाईचा अर्धा दिवस हंड्यापाशी जातो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

दुसरा मुद्दा दराचा. लॉजाला आणि खोपटाला एकच दर लावणे ही समता नव्हे. मीटर लावून टप्प्याटप्प्याने दर घ्यावा, गरजेपुरत्या पाण्यास कमी आणि चैनीच्या पाण्यास जास्त, हे रास्त आहे. पण येथेही डोळे उघडे ठेवा. गरिबाच्या वाड्यात एका नळावर चार चुली असतात. चौघांचे पाणी एका मीटरवर मोजले तर गरीबच श्रीमंताच्या टप्प्यात जाऊन बसेल. म्हणून टप्पा नळावर नव्हे, चुलींवर धरला पाहिजे.

नगरपालिकेत बसून हा प्रश्न विचारण्याची वाट आम्हांस जोतीराव फुले यांनी दाखविली. ते १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतास एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि आपल्या कोकणातील महाडची गोष्ट विसरू नका. रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव आणला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही ओंजळभर पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. आणि त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने तो ठराव फिरविला. ठराव करणारे हात ठराव मोडूही शकतात, म्हणून लोकांनी पाळत ठेवली पाहिजे.

आता दोष आपलाही पाहू. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर कित्येक वर्षे प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता आपले सभासद आहेत. पण मत देताना जेवणावळ मोजली, हिशेब मोजला नाही, तर पाच वर्षे कोणास दोष देणार? ऐपत असून पाणीपट्टी थकविणारे आपल्यातही आहेत. त्यांच्या थकबाकीचा भार नेमाने भरणाऱ्या विधवेवर पडतो.

तेव्हा चार गोष्टी करा. अंदाजपत्रकाची प्रत मागा; माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे, अर्जाची फी दहा रुपये. घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ती चुलीपाशी वाचवून घ्या. पाण्याची आवक, पाण्याचा खर्च, गळती आणि थकबाकी हे चार आकडे वेगळे काढा. दरवाढीची नोटीस लागली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. आणि सभेच्या दिवशी एका वाडीतून निदान दोन माणसे व दोन बाया जाऊन बसा. गलबला करू नका. नुसते लक्ष देऊन ऐका. ऐकणारे समोर बसले की बोलणारा जपून बोलतो.

मांडवीच्या लोकांनो, मोजून द्या आणि मोजून घ्या. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.