माझं पेपरलेस घर

(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीचा समज असा की ‘पेपरलेस घर’ या विषयातला मी जाणकार आहे. खरं तर मी त्यात ठेच खाल्लेला माणूस आहे.

26 जुलै 2005 जुन्या मंडळींना आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्या तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. आमच्या लोखंडी कपाटाचा खालचा खण बुडाला. शेअर सर्टिफिकेट, बिल्डरचा करारनामा, मुलीची गुणपत्रकं, सगळं दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं होतं!

निवृत्तीनंतर स्कॅनर घेतला. एकामागून एक कागद ओढून घेणारा, दोन्ही बाजू एकदम टिपणारा. पण टाचण्या आणि स्टेपल काढण्यातच निम्मा वेळ जातो, हे कोणी सांगत नाही. आधी पावत्या घेतल्या, कारण एटीएमच्या चिठ्ठीसारख्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. मग मोबाइलवरच्या डेटाबेस अ‍ॅपमध्ये प्रत्येक कागदाची नोंद केली: कोणाचा, कशाचा, मुदत कधी संपते. पासपोर्टची मुदत संपायच्या सहा महिने आधी फोन आठवण करून द्यायला लागला. मी खूश! हिला म्हटलं, त्या जुन्या फाइली आता रद्दीत दे.

दोन वर्षांपूर्वी रात्री छातीत कळ आली. मी आयसीयूत, आणि बाहेर काउंटरवर हिच्याकडे मेडिक्लेम पॉलिसी मागताहेत. पॉलिसी अ‍ॅपमध्ये, आणि अ‍ॅपचा पासवर्ड माझ्या डोक्यात. पुण्याहून मुलगी फोनवर एकेक पासवर्ड सुचवतेय, इकडे अ‍ॅप लॉक झालं. डिपॉझिट शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी भरलं. रात्री दोन वाजता. त्यांचे आभार मी आज पहिल्यांदाच चारचौघांत मानतोय. पॉलिसी सकाळी सापडली. गव्हाच्या डब्यामागे. हिने फाइल रद्दीत दिलीच नव्हती.

घरी आल्यावर सगळं नव्याने केलं. आधी फाइलींची नावं ‘स्कॅन 0047’ अशी होती. आता ‘मेडिक्लेम, आई-बाबा’ असं नाव असतं, म्हणजे ही शोधेल त्या शब्दांत. नोंदीत एक रकाना वाढवला: मूळ प्रत कुठे आहे. अ‍ॅप मुलीच्या फोनवरही आहे. पासवर्ड चक्क कागदावर लिहून, पाकीट बंद करून हिच्या कपाटात. हसू नका!

मूळ कागद मात्र टाकू नका. शेअर सर्टिफिकेट, करारनामा आणि मृत्युपत्र यांचं काम स्कॅनवर भागत नाही. डिजिलॉकरचंही नीट समजून घ्या. सरकारी खात्याने तिथे थेट दिलेला दाखला मूळ प्रतीसारखा धरतात, आपण फोटो काढून चढवलेला नाही.

आणि नॉमिनेशन फॉर्म. तो भरलाय की नाही, भरला असेल तर कोणाच्या नावाने, हे घरी गेल्यावर आजच एकमेकांना विचारा. आमच्या फॉर्मवर परवापर्यंत माझ्या आईचं नाव होतं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

पुढचे चार रविवार सकाळी दहा ते बारा मी स्कॅनर घेऊन सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी कागद घेऊन या. फक्त टाचण्या घरूनच काढून आणा.