हयातीचा दाखला



निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. गतवर्षी त्या कामासाठी मी एका बँकेत गेलो असता, अर्ज माझा, सही माझी आणि प्रश्नही मीच विचारलेला असूनही, खिडकीमागच्या तरुण कारकुनाने माझ्या मुलाकडे पाहून विचारले, "यांचं खातं याच शाखेत आहे ना?" त्याच्या मनात अनादर नव्हता, हे मी जाणतो, पण घरी परतताना मीच मुलाला म्हणालो, "पुढच्या खेपेस तूच बोलत जा." आज मला बोलायचे आहे ते कारकुनाच्या प्रश्नाविषयी नव्हे, माझ्या या वाक्याविषयी.

वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1969 साली स्वतंत्र नाव दिले; आपण तिला वयभेद म्हणू. अन्य भेदांहून तिचा विशेष हा, की जिच्यामुळे उतारवयात आपण घायाळ होतो ती समजूत आपणच बालपणापासून निर्धास्तपणे बाळगलेली असते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण शिकतो तेव्हा साठी दूर असते, म्हणून तिचा प्रतिवाद करण्याची गरज कोणालाच भासत नाही. आणि साठी आली म्हणजे फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही जागी आपणच बसलेले असतो. तिशीत किल्ली विसरली तर ती गडबड ठरते. सत्तरीत विसरली तर 'वय झालं' असा निकाल आपल्याच तोंडून बाहेर पडतो.

हा निकाल केवळ मनापुरता राहत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका गावी पन्नाशी ओलांडलेल्या 660 स्त्रीपुरुषांना स्वतःच्या वार्धक्याविषयी काय वाटते हे विचारून ठेवले होते; बेका लेव्ही या संशोधिकेने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अनुकूल भावना बाळगणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले, आणि प्रकृती व सांपत्तिक स्थिती हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून राहिला.

वय वाढले म्हणजे कर्तृत्व संपते, असेही नाही. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा अखेरचा भाग 1962 साली निघाला तेव्हा त्यांनी वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती. परंतु मान राखला जावा म्हणून प्रत्येक वृद्धाने ग्रंथराज रचावा, अशी अट घालणे हाही अन्यायच होय. घरातील सासूच्या हातून निवडायची मेथी काढून घेऊन "आई, तुम्ही आता नुसत्या बसा" असे सून प्रेमाने म्हणते, तेव्हा ते रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेली ती माउली दोन-चार महिन्यांत स्वतःच म्हणू लागते, "माझा आता काय उपयोग?" विश्रांती द्यावी, पण ती मागितल्यावर; काम मात्र विचारून घ्यावे, हिरावून घेऊ नये.

तरुणांना माझी विनंती एवढीच, की वृद्धाशी बोलायचे असेल तर त्याच्याकडेच पाहून बोलावे. आणि समवयस्कांना सांगणे हे, की उत्तराला उशीर लागला तरी ते आपणच द्यावे. मुलाला मी दिलेले ते मुखत्यारपत्र परत घेतले आहे. येत्या नोव्हेंबरात त्या खिडकीशी मीच बोलणार आहे.