झेंडूच्या रोपाला दर किती लावावा?



गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका ताईंनी परसात शेडनेटची लहानशी झोपडी उभी केली आणि दहा ट्रे संकरित झेंडूची रोपं तयार केली. रोपं चांगली होती, मी स्वतः पाहिली. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा ताई खुशीत होत्या. म्हणाल्या, "साहेब, रोपामागं अडीच रुपये खर्च आला. तीन रुपयांनी दिली. आठ आणे सुटले." मी म्हटलं, "ताई, वही आणा बरं." वही आली, ओसरीवर बसून आम्ही हिशेब मांडला, आणि शेवटी ताई गप्प झाल्या. आठ आणे सुटणं दूरच, पदरचेच पैसे गेले होते. तोच हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो. आकडे या एका घरचे आहेत. तुमच्याकडे बियाण्याचा भाव, मजुरी वेगळी असेल, तर तुमचे आकडे घाला. रीत तीच राहील.

एका ट्रेला 98 कप्पे. दहा ट्रे म्हणजे 980 कप्पे. हजार बियांचं पाकीट 1,800 रुपयांना पडलं. कोकोपीट 250, औषध आणि विद्राव्य खत 150, वीज-पाणी 75. ट्रे 250 रुपयांचे, पण ते पाच वेळा वापरता येतात, म्हणून या खेपेला 50 धरले. शेडनेट आणि बांबू मिळून 2,400 लागले. तीन वर्षांत बारा खेपा होतील असं धरलं, तर खेपेला 200. झाले 2,525 रुपये. याला 980 ने भागलं की दोन रुपये अठ्ठावन्न पैसे येतात. ताईंचे अडीच रुपये ते हे.

यात दोन चुका आहेत. पहिली चूक भागाकाराची. आपण कप्पे विकत नाही, रोपं विकतो. 980 बियांपैकी 833 उगवल्या. त्यातली काही रोपं देठाशी कुजून कोलमडली, काही उंच आणि लेचीपेची झाली ती काढून टाकली. विकण्याजोगी राहिली 780. त्यातलीही 60 गिऱ्हाईक न आल्यानं ट्रेमध्येच म्हातारी झाली. पैसे आले ते 720 रोपांचे. तीन रुपयांप्रमाणे 2,160. बियाणं, कोकोपीट, औषध आणि वीज यांचाच रोख खर्च 2,275 होता. म्हणजे ट्रे आणि शेडनेटचा वाटा सोडून दिला तरी 115 रुपये तोटा.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि ती घरोघरी होते. ताईंची स्वतःची मेहनत वहीत कुठंच नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते काय धरायचं? घरचंच काम आहे." भगिनींनो, ट्रे भरून बी टोकायला पाच तास गेले. पुढे पंचवीस दिवस झारीनं पाणी, ऊन-सावली, कीड पाहणं यात रोजचा एक तास. एकूण तीस तास. बाईमाणसाची मजुरी आठ तासांना 300 रुपये धरली तर 1,125 रुपये होतात. हेच काम तुम्ही दुसऱ्याच्या रोपवाटिकेत केलं असतं तर मालकानं शनिवारी हातावर पैसे ठेवले असते. आपल्या परसात केलं म्हणून ते फुकट कसं?

मेहनत धरून खर्च होतो 3,650. भागिले 720. रोप पडतं पाच रुपये सात पैशांना. त्यावर थोडा नफा म्हणजे सहा रुपये दर हवा.

आता ताईंनी विचारलं तेच तुमच्याही मनात आलं असेल, की सहाला घेणार कोण? शेजारच्या गावची मोठी रोपवाटिका साडेतीनला घरपोच देते. खरं आहे. तो एकदम लाखाच्या हिशेबानं बी घेतो, त्याचा एक माणूस शेकडो ट्रे सांभाळतो. हजारानं रोपं नेणाऱ्या शेतकऱ्याला संकरित झेंडू विकताना दहा ट्रेवाल्यानं त्याच्याशी स्पर्धा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब जर नको म्हणत असेल तर त्या खेपेला बी टाकू नये. यात कमीपणा नाही.

मग करायचं काय? पहिलं, वाया जाणारी रोपं कमी करा. हाच खर्च 830 रोपांवर वाटला गेला तर दर चार रुपये चाळीस पैशांवर येतो. कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळा, पाणी सकाळी द्या, ट्रे चिखलासारखे ओले ठेवू नका. बरीचशी मर तिथंच थांबते. आणि बी टोकण्याआधी मागणी घ्या. कोणाला किती, कधी, हे वहीत लिहा आणि चौथाई तरी विसार घ्या. विसार दिलेला माणूस रोप न्यायला येतोच. नुसतं "ठेवा माझ्यासाठी" म्हणणारा येईलच असं नाही.

दुसरं, पंचांग पाहा. झेंडूचं रोप साधारण पंचवीस दिवसांत लावणीला येतं आणि लावणीनंतर दोन महिन्यांच्या आत-बाहेर फुलं भरात येतात. दसरा 2023 साली 24 ऑक्टोबरला होता, 2024 ला 12 ऑक्टोबरला आणि 2025 ला 2 ऑक्टोबरला. म्हणजे गेल्या वर्षीच्या तारखेला बी टाकलं की काम झालं, असं नाही. 2 ऑक्टोबरच्या दसऱ्याला रोप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेतात हवं, आणि बी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये हवं. आठ-दहा दिवस उशीर झाला की त्याच रोपाला कोणी निम्म्या दरानंही विचारत नाही. ट्रेमध्येच कळी धरलेलं रोप शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका. ते पुढे नीट फुटत नाही, आणि तो गावचाच असतो, रोज भेटतो.

तिसरं, आणि ताईंना मी हेच सुचवलं, गिऱ्हाईक बदला. तालुक्याच्या गावी गच्चीत, खिडकीत, अंगणात पाच-दहा रोपं लावणारी माणसं असतात. शाळा असतात, देवळं असतात. त्यांना ट्रेमधलं रोप नको असतं, पिशवीतलं हवं असतं. पाच रुपयांचं रोप, पिशवी-माती-शेणखत तीन रुपये, पिशव्या भरणं आणि पंधरा दिवसांची देखभाल चार रुपये, असे बारा झाले. शंभरातल्या नव्वद पिशव्या खपल्या तर एक पडते तेरा रुपये तेहतीस पैशांना. आठवडे बाजारात वीस रुपये सांगा. एक फूल उमललेलं आणि दोन कळ्या असलेली पिशवी पुढे मांडा. रंग डोळ्यांनी दिसला की गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही. मात्र सगळ्या 780 रोपांच्या पिशव्या करू नका. पहिल्या खेपेला शंभर करून पाहा.

अॅस्टरचाही विचार करा. राहुरी विद्यापीठाच्या फुले गणेश जातींचं बी संकरित झेंडूइतकं महाग नाही, त्यामुळे खर्चाचा सर्वांत मोठा आकडाच खाली येतो. बी मात्र ताजं घ्या, जुनं अॅस्टरचं बी उगवत नाही. रोपाला महिनाभर लागतो, तेव्हा मजुरीचे दिवस त्याप्रमाणे वाढवा.

संकरित झेंडूच्या फुलातून घरी धरलेलं बी वापरणारेही आहेत. त्याची रोपं सारखी निघत नाहीत. उंची, रंग, आकार सगळं फुटतं. विकायची असतील तर घरच्या बियाण्याची म्हणून सांगून, कमी दरानं विका.

राहता राहिले सोयरे आणि शेजारी. त्यांच्याकडून पैसे कसे मागायचे, असं म्हणतात. वानोळा जरूर द्या. पाच-दहा रोपं प्रेमानं द्या आणि वहीत 'वानोळा' म्हणून लिहा. पण त्याच घराला अर्धा एकर लावायला रोपं हवी असतील, तर तो वानोळा नव्हे. त्यांनाही सगळ्यांचाच दर सांगा. एकाला तीनला दिलं की दुपारपर्यंत सगळ्या गावाला तोच दर होतो.

ताईंनी यंदा सहाच ट्रे भरले आहेत. चार ट्रेचा विसार आधीच आलेला आहे, उरलेल्या दोन्हीच्या पिशव्या होणार आहेत. वहीत या वेळी 'माझी मजुरी' असा वेगळा रकाना आखला आहे, आणि तो त्यांच्या मुलीनं लाल शाईनं आखला आहे. दिवाळीनंतर ती वही पुन्हा पाहायची, असं आमचं ठरलं आहे.