भुईकोट किल्ल्यातला आपला स्वातंत्र्यदिन

(स्वातंत्र्यदिनी अहिल्यानगर येथे ध्वजवंदनानंतर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज सकाळी इकडे निघालो होतो. वाटेत ओळखीच्या एका गृहस्थांनी हसत विचारलं, "सर, तुमच्या मोहल्ल्यातही झेंडा लावतात का?" त्यांच्या मनात वाईट नसेल. पण शाळेच्या नोकरीत दर 15 ऑगस्टला झेंड्याची दोरी बांधणाऱ्या मला क्षणभर काही बोलायला सुचलं नाही. ते उत्तर आता देतो. त्यासाठी लांब जायला नको, आपल्या भुईकोट किल्ल्यापर्यंत गेलं तरी पुरे.

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. ही घोषणा सुचवली युसूफ मेहेरअली यांनी. ते तेव्हा मुंबईचे महापौर होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने नगरला आणून किल्ल्यात बंद केलं. त्यांत नेहरू, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, शंकरराव देव होते. तसेच काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना आझाद, बॅ. असफ अली आणि डॉ. सय्यद महमूदही होते. त्याच दिवशी गवालिया टँक मैदानावर तिरंगा फडकवला अरुणा असफ अलींनी. नवरा बंदिवान होऊन नगरच्या वाटेवर आणि बायको मुंबईत झेंडा घेऊन उभी!

नेहरूंनी 1944 साली या किल्ल्यात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं इथेच लिहिली, हे मात्र आपल्या मुलांनाही माहीत नसतं. पत्रं धाडायची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले. चहावर लिहिलं, खोलीत घरटं बांधणाऱ्या चिमण्यांवर लिहिलं. आणि पत्नीवर लिहिलं.

झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारला काही कळवायचं असेल तर कळवतो, असं तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं. मौलानांनी काहीही मागितलं नाही. 9 एप्रिल 1943 रोजी बेगम गेल्या. 1945 साली सुटून ते कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा घरी जाण्याआधी त्यांनी गाडी तिच्या कबरीकडे वळवायला सांगितली.

15 ऑगस्ट 1947 हा रमजानमधला शेवटचा शुक्रवार होता. तीन दिवसांनी ईद आली. पण देश फाळणीच्या आगीत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मौलाना दिल्लीच्या जामा मशिदीत उभे राहिले आणि घरदार सोडून निघालेल्यांना त्यांनी थांबायला सांगितलं. आपले आजी-आजोबाही इथेच थांबले. कुणाच्या मेहेरबानीने नाही. घर होतं म्हणून थांबले.

म्हणून त्या गृहस्थांना माझं उत्तर असं: हो, लावतो. घरचा सण साजरा करावा तसा लावतो. त्याचा फोटो पुरावा म्हणून कुणाला दाखवायची आम्हाला गरज वाटत नाही.

आता एक प्रश्न आपल्याच लोकांना. झेंडा वर गेला, जिलेबी वाटून झाली, मग? दहावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीला आपण घरी बसवणार असू, तर तिचा स्वातंत्र्यदिन कधी? संविधानाने तिला दिलेला हक्क सरकारने हिरावला तर आपण मोर्चा काढू. तोच हक्क बापाने, भावाने हिरावला तर गप्प का बसतो?

विद्यार्थी मित्रांनो, एकदा आई-वडिलांना घेऊन किल्ल्यात जा. नेत्यांना ठेवलं होतं त्या खोल्या पाहा. परतताना तिथली सगळी नावं पाठ करून या. यापुढे कुणी तुम्हाला तो प्रश्न विचारलाच, तर रागावू नका. त्यांनाही सोबत घेऊन जा.

जय हिंद, जय संविधान!