पिशवीतले बियाणे असेच का?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मृगाच्या तोंडावर बैठक असली की आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, यंदा कोणते बियाणे लावायचे?" आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे यावा हे साहजिक आहे. आज मात्र त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण मिळून विचारू. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर जी पिशवी असते, तिच्यातले बियाणे असेच का असते? संकरितच का? दरवर्षी विकत घ्यावे लागणारेच का? सहा-सहा महिने शेतात उभे राहणारेच का?

तंत्रज्ञानाबद्दल बोलणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, नवे तंत्र आले की शेतकऱ्याचा उद्धार होणार. दुसरा म्हणतो, नवे तंत्र आले की शेतकऱ्याचा सत्यानाश होणार. दोघांच्याही बोलण्यात तंत्रज्ञान पावसासारखे वरून पडते, आपण फक्त भिजायचे. तसे नसते. तंत्र माणसे घडवतात. ज्यांच्या हाती पैसा, कायदा आणि तराजू, त्यांच्या सोयीचा आकार त्याला येतो. मग तेच तंत्र आपले गाव, आपली मजुरी, आपले कर्ज यांना नवा आकार देते. हे कसे घडते ते आपल्याच दोन पिकांवरून पाहू.

ज्वारीने दिलेला धडा

१९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित वाण आला. ताट बुटके, पीक लवकर येणारे, खत दिले की दाणा भरपूर. कागदावर खोट काढायला जागा नव्हती. पण पीक लवकर येते म्हणजे कणसे नेमकी पावसात सापडतात. दाणा काळा पडला, बाजारात भाव पडला. भाकरी कोणाला आवडेना. कडबा इतका कमी की बैलाला पुरेना. संशोधकांनी दाण्याचे क्विंटल मोजले होते. कोरडवाहू शेतकरी दाणाही मोजतो आणि कडब्याच्या पेंढ्याही मोजतो, कारण त्याचा ट्रॅक्टर वैरणीवर चालत होता. लोकांनी त्या बियाण्याचा निकाल भाषेतच लावून टाकला. मराठीत 'हायब्रीड' हा शब्द जो आला, तो कस नसलेल्या वस्तूचे आणि माणसाचे नाव म्हणूनच घरोघर गेला.

परिणाम काय झाला? संशोधकांना वाट बदलावी लागली. उंच ताटाचे, दाण्याबरोबर कडबाही देणारे संकरित वाण शोधावे लागले. रब्बीत तर सोलापूर-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने मालदांडी सोडलीच नाही. मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याच्या आधी निवडून काढलेली ही मालदांडी ३५-१, आणि आजही बाजारात चांगल्या ज्वारीचे नाव मालदांडीच आहे. शेतकऱ्याने नाही म्हटले तर तंत्राला वळावे लागते, हा पहिला धडा.

आणि मग तीच खरीप ज्वारी विदर्भातून का उठून गेली? बियाण्याच्या दोषामुळे नव्हे. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, ज्वारीला खात्रीचा ग्राहक उरला नाही, सोयाबीनने रोख पैसा दाखवला. बियाणे सुधारले तोवर ताट वाढणाऱ्याने ताटच बदलले होते. हा दुसरा धडा.

गिरणीच्या यंत्राने मागितलेला कापूस

आता पऱ्हाटीकडे वळू. आपला मूळचा देशी कापूस आखूड धाग्याचा. मुळे खोल जाणारी, तुडतुड्यांना दाद न देणारा, पावसाने ताण दिला तरी तग धरणारा. लँकेशायरच्या गिरण्यांची यंत्रे मात्र अमेरिकेच्या लांब धाग्यावर बेतलेली. म्हणून १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा कापूस बागायतदार इथे आणले, त्यांचे बियाणे आणले, सरकी काढण्याची त्यांची करवती यंत्रे आणली. धारवाडचा भाग सोडला तर तो प्रयोग बहुतेक ठिकाणी फसला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्रजांचे डोळे वऱ्हाडावर खिळले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७० साली खामगावला फाटा गेला. रुळ कुठून न्यायचे हे कापसाच्या गठाणींनी ठरवले. आणि रुळ आल्यावर आपल्या काळ्या जमिनीत काय पेरायचे हे रुळांनी ठरवले.

तरीही स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातला बहुतेक सगळा कापूस देशीच होता. १९४७ च्या फाळणीत लांब धाग्याचा सिंध-पंजाबचा मुलूख पाकिस्तानात गेला, गिरण्या इकडे राहिल्या. गिरण्यांना लांब धागा हवा, म्हणून सगळे संशोधन अमेरिकन जातीकडे वळले. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रावर सी. टी. पटेल यांनी एच-४ काढला. व्यापारी लागवडीला आलेला कापसाचा हा जगातला पहिला संकरित वाण. १९७२ साली धारवाडहून वरलक्ष्मी आला.

संकरित कापूस इथेच का जन्मला, अमेरिकेत का नाही? त्याचे बियाणे करायचे तर रोज एकेका फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी हातानेच पराग लावावा लागतो. एका एकरात हजारो फुले. तिकडच्या मजुरीत हे परवडले नसते. इकडे बायका आणि पोरी स्वस्तात मिळत होत्या. म्हणजे एच-४ च्या बोंडात पटेलांची बुद्धी होती तशी शाळा सुटलेल्या पोरींची बोटेही होती. विद्यापीठाच्या पुस्तकात पहिली गोष्ट लिहिलेली असते. दुसरीही लिहायला हवी.

एकच जनुक, दोन देश

अमेरिकन जात आली, तिच्यामागे तुडतुडे आणि बोंडअळ्या आल्या, त्यांच्यामागे औषधे. १९९० नंतर हिरवी बोंडअळी औषधाला जुमानेना. अशा वेळी बीटी आले. २००१ साली गुजरातेत नवभारत १५१ हा वाण परवानगीशिवाय शेतात उभा असल्याचे उघड झाले. सरकारने पीक जाळायचे ठरवले, शेतकरी आडवे झाले. २००२ च्या मार्चमध्ये तीन वाणांना रीतसर परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बीटी आले. देशाचे रुईचे उत्पादन २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होते, ते २००७-०८ पर्यंत ५५० वर गेले. गुजरातेतले पाणी आणि नवी औषधे यांचाही त्यात वाटा होता, पण हिरव्या बोंडअळीवर बीटी चालले हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग पुढे घसरण का झाली? अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया या देशांनी बीटी जनुक सरळ वाणात घातला. आपल्याकडे तो संकरित वाणातच घातला गेला. कारण कायद्यात आहे. अमेरिकेत बियाण्यावर पेटंट चालते, शेतकऱ्याकडून करार लिहून घेता येतो. आपल्याकडे झाडावर आणि बियाण्यावर पेटंट मिळत नाही, आणि २००१ च्या कायद्याने घरचे बियाणे ठेवण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. कायद्याचे कुलूप मिळाले नाही म्हणून कंपन्यांनी संकराचे कुलूप वापरले. संकरिताची सरकी पुन्हा पेरून तसेच पीक येत नाही, म्हणजे दरवर्षी पिशवी घ्या. सुरुवातीला ४५० ग्रॅमची पिशवी सुमारे १६०० रुपयांना होती. २००६ साली आंध्र सरकारने तक्रार नेली तेव्हा ती ७५० वर उतरली.

ही निवड पिशवीपाशी थांबली नाही. बियाणे महाग म्हणून आपण ते विरळ टोबतो, एकरी पाच-सहा हजार झाडे. तिकडे एकरी चाळीस हजारांच्या आसपास झाडे असतात, प्रत्येकाला थोडी बोंडे, आणि दीडशे दिवसांत शेत मोकळे. आपले झाड विरळ, म्हणून ते फुटत राहते, उंच जाते, जानेवारीपर्यंत उभे राहते. पाणी असेल तर फरदड. गुलाबी बोंडअळी येते ती उशिराच्या बोंडांवर. आपण तिला सहा महिने पंगत घालतो. वर संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही विषे असतात, काहींत एक, काहींत एकही नाही. अळीला थोडे थोडे विष पचवायची तालीम आपल्याच बोंडात मिळते. २०१० साली गुजरातेत ती पहिल्या बीटीला पुरून उरल्याचे जाहीर झाले. २०१७ साली तिने आपल्याकडची दोन जनुकांची बोंडेही पोखरली.

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत नळी उंच धरून फवारणाऱ्याच्या अंगावर काय पडते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

आता त्याच अळीची दुसरी गोष्ट. अमेरिकेतल्या ॲरिझोनातही हीच गुलाबी बोंडअळी होती, हाच जनुक होता. तिथे कापूस उत्पादकांची स्वतःची मंडळी होती. त्यांनी पट्टी काढून खर्चाचा मोठा वाटा उचलला. पऱ्हाट्या ठरल्या तारखेच्या आत नांगरून टाकायच्या हा नियम पाळला. गंधसापळे लावले, नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचे जाहीर केले. इकडे २०१७, तिकडे २०१८. अळी तीच, जनुक तोच. फरक बियाण्याच्या रूपात होता आणि शेतकऱ्यांच्या एकजुटीत होता.

आपल्याकडे पिशवीबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी दिली जायची. ती लावली की अळीची ताकद वाढत नाही, असे शास्त्र. किती जणांनी लावली? दोन एकरवाल्याला सांगायचे की तुझा एक कोपरा सगळ्या तालुक्यासाठी अळीला खायला घाल, आणि त्याचा मोबदला कोणी द्यायचा नाही. शेकडो एकरांच्या शेतासाठी बांधलेला नियम तसाच उचलून इथे आणला. पुडी बांधावर पडली तर नवल काय?

तराजूने घडवलेले बोंड

एक गोष्ट आणखी, जी कमी बोलली जाते. आपला कापूस विकला जातो तो सरकीसकट वजनावर. ऑस्ट्रेलियाचा शेतकरी जिनिंग करून रुई विकतो. त्याच्या वाणात शंभर किलो कापसातून चाळीस किलोंहून जास्त रुई निघते, आपल्याकडे तेहतीस-पस्तीस. आपल्याला पैसे वजनाचे आणि वेचणीची मजुरीही किलोवर. म्हणून मोठे बोंड, जड सरकी असलेले वाण चालले. उताऱ्याचा पैसा शेतकऱ्याच्या हातात येतच नाही, तर उतारा वाढवणारा वाण मागणार कोण? जिनिंगचा तराजू बदलला तर पैदासकाराच्या शेतातली निवड बदलेल.

आता काय करायचे

कोणी म्हणेल, सरळ वाणात बीटी का आणले नाही? आणले होते. २००९ साली नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांचा बिकानेरी नरमा बीटी आला, घरी बियाणे ठेवता येईल असा. त्यात खासगी कंपनीचाच जनुक असल्याचा वाद झाला आणि तो बाजारातून गेला. त्यानंतर सरकारी संस्थांनी सरळ बीटी वाण पुन्हा काढले, दाट लागवडीचे प्रयोगही केले. ते गावोगाव पोचायचे असतील तर मागणी गावातून जायला हवी. निंदणाला माणूस मिळेना म्हणून तणनाशकाला न जुमानणारे बियाणे चोरून येते, त्याला ना पावती ना हमी. आपली गरज उघडपणे मांडायला जागा नसली की ती चोरवाटेने जाते.

म्हणून या हंगामात तीन कामे.

पहिले. प्रत्येक गावात पाच शेतकऱ्यांनी थोड्या जागेवर कमी दिवसांचा सरळ वाण दाट लावायचा, शेजारी नेहमीचा संकरित. वहीत लिहायचे: बियाण्याचा खर्च, फवारण्या, वेचण्या, शेत मोकळे झाल्याची तारीख. ही वही घेऊन आपण अकोला-परभणीच्या विद्यापीठांकडे जाऊ. भीक मागायला नव्हे, हिशेब मांडायला.

दुसरे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी शेताबाहेर, हा ठराव गावाने करायचा. एकट्याने पाळून उपयोग नाही, अळीला बांध कळत नाही. जिनिंगच्या आवारातही गंधसापळे लावायला लावायचे, कारण तिथल्या ढिगातूनही पतंग उडतात.

तिसरे. दहा घरांचा कापूस एकत्र करून जिनिंग करून घ्यायचे आणि उतारा आपल्या डोळ्यांदेखत मोजायचा. रुई किती, सरकी किती, पैसे कशाचे मिळाले. एकदा तरी हा हिशेब गावाच्या हातात आला पाहिजे.

आणि या तिन्ही कामांत बहिणींना मागच्या रांगेत बसवू नका. पेरणी, निंदण, वेचणी त्यांच्या हातची आहे. दाट लागवडीत वेचणी जड जाते की सोपी, मजुरीचा दर किलोवर परवडतो की रोजावर, हे त्याच सांगू शकतात. ज्वारीच्या पहिल्या वाणाच्या वेळी भाकरी थापणारीला आणि बैल सांभाळणाऱ्याला आधी विचारले असते तर काही वर्षे वाचली असती.

पुढची बैठक वेचणी सुरू झाल्यावर होईल. येताना प्रत्येक गावाने आपली वही आणावी. त्या दिवशी भाषण नको, वह्या वाचू.